संचालक मंडळावरच्या आत्या

आमच्या कंपनीच्या संचालक मंडळावर एक बाई हवी होती, आणि ती मी सुचवली. नोकरीतलं तुमचं सगळ्यात मोठं काम कोणतं असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगतो. पुढं जे काही झालं त्यात माझं कर्तृत्व शून्य आहे.

भाईंदर पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा कारखाना होता. दारांच्या कड्या, कोयंडे, हँडलं, न्हाणीघरात टॉवेल टाकायच्या दांड्या असला माल आम्ही बनवायचो आणि त्याला निकेलचा मुलामा द्यायचो. बराचसा माल युरोपातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे जायचा. त्या एक्स्पोर्टचे कागद तयार करणं हे माझं काम. दोन हजार साल उलटल्यावर कधीतरी या गिऱ्हाइकानं माल घेण्याआधी प्रश्न विचारायला सुरुवात केली. सांडपाणी कुठं सोडता, कामगारांना मास्क देता का, कारभारावर लक्ष कोण ठेवतं. आता याला ईएसजी म्हणतात आणि त्याची पदवीसुद्धा मिळते. तेव्हा आमच्याकडे त्याला 'ते फॉरेनचं' म्हणायचे. ते फॉरेनचं माझ्या टेबलावर आलं, कारण ऑफिसात माझं इंग्रजी चांगलं आहे असा एक समज होता आणि तो मी कधी खोडून काढला नव्हता.

दरवर्षी त्यांना एक प्रगती अहवाल पाठवायचा असे. मी तो इतका सुंदर लिहायचो की वाचून मलाच अशा कंपनीत नोकरी करावीशी वाटे. साहेबांनी खूश होऊन मला नवं व्हिजिटिंग कार्ड छापून दिलं. त्यावर नावाखाली 'सस्टेनेबिलिटी ऑफिसर' असं होतं. ते कार्ड मी केबिन रोडवरच्या आमच्या नेहमीच्या साडीवाल्याला ऐटीत दिलं. त्यानं ते लांब धरून वाचलं आणि म्हणाला, "अच्छा, स्टेबिलायझर का काम करते हो? हमारा फ्रिजवाला जरा देख लो ना, बहुत आवाज करता है." बायको शेजारी उभी होती. पुढं कित्येक दिवस घरात दिवा मिणमिणला की ती माझ्याकडे बघायची.

तर एका वर्षीच्या प्रश्नांत नवा प्रश्न आला: संचालक मंडळावर महिला आहेत का? आमच्या मंडळावर दोघं. साहेब, आणि त्यांचे धाकटे भाऊ, ज्यांचं बोरिवलीला चष्म्यांचं दुकान होतं आणि जे कारखान्यात फक्त दसऱ्याला पूजेला यायचे. साहेबांच्या बायकोनं सही करायला साफ नकार दिला. मग मी म्हणालो, "साहेब, तुमच्या आत्या आहेत की."

आत्या म्हणजे साहेबांच्या सख्ख्या आत्या. लग्न केलेलं नव्हतं. मुंबईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर ऑपरेटर आणि शेवटी सुपरवायझर. साहेबांची आई लवकर गेली, तेव्हा या दोन भावांना आत्यांनीच वाढवलं. निवृत्त झाल्यावर दादरची खोली सोडून त्या केबिन रोडच्या आतल्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या होत्या. साहेब म्हणाले, "उत्तम. तिला त्रास नको देऊ. सह्या घे आणि ये."

सह्या घेऊन यायला मला सबंध दुपार लागली. आत्यांनी कोकम सरबत दिलं, चष्मा लावला आणि सगळे कागद वाचून काढले. खालची बारीक अक्षरंसुद्धा. मग विचारलं, "डायरेक्टरनं करायचं काय असतं?"

"काही नाही आत्या. फक्त सही."

"काही करायचंच नाही, तर त्यांना बाईच कशाला हवी?"

मी त्यांना महिला सक्षमीकरणावर बरंच काही सांगितलं. माझ्या अहवालात ते परिच्छेद तयारच होते. आत्यांनी डावा कान माझ्याकडे करून, खिडकीबाहेर बघत सगळं ऐकून घेतलं. त्या नेहमी तशाच ऐकायच्या. नवख्या माणसाला वाटायचं, बाईंना कमी ऐकू येतं. खरं म्हणजे कानाला यंत्र लावून हजारो लोकांचं बोलणं ऐकताना त्यांना समोर माणूस नसण्याचीच सवय झाली होती. चेहरा बघितला की आवाज नीट ऐकू येत नाही, असं त्या म्हणायच्या. माझं भाषण ऐकून त्या म्हणाल्या, "लाइन क्लिअर नाही. पण सही करते."

मी कागद घेऊन खूश होऊन निघालो. सोमवारी सकाळी कारखान्याच्या गेटवर आत्या उभ्या. कडक इस्त्रीची सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ, एका हातात डबा आणि दुसऱ्या काखेत बसायची उशी. वॉचमन त्यांना आत सोडेना. मला बघून म्हणाल्या, "याला सांग मी कोण आहे ते. तूच केलंयस ना मला."

साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांनी विचारलं, "मीटिंग कधी असते?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइलकडे पाहिलं. आमच्या कंपनीच्या संचालक मंडळाच्या सभा वेळच्या वेळी व्हायच्या, पण त्या माझ्या कॉम्प्युटरवर, मी टाइप केलेल्या इतिवृत्तात व्हायच्या. दोन्ही भाऊ त्यात गंभीर चर्चा करायचे, एकमेकांचे आभार मानायचे. प्रत्यक्षात त्यांची अशी भेट कधी झाली नव्हती.

"दर महिन्याला घ्यायची," आत्या म्हणाल्या आणि उशी ठेवून बसल्या.

साहेबांच्या केबिनचा कोपरा त्यांचा झाला. एक्स्चेंजच्या सवयी त्यांनी तशाच आणल्या होत्या. कुणी आत आलं की "या, बसा" नाही, थेट "बोला". तुमचं बोलणं संपलं की त्या ते तुम्हालाच परत वाचून दाखवल्यासारखं सांगायच्या, "म्हणजे तुमचं म्हणणं असं की..." स्वतःचं म्हणणं असं दुसऱ्याच्या तोंडून, सरळ आवाजात ऐकलं की भल्याभल्यांना लाज वाटायची. सप्लायर लोक दोनदोनदा म्हणायचे, "नही नही, वैसा नही मॅडम." फार लांबण लावली तर त्या घड्याळाकडे बघत म्हणायच्या, "टाइम झाला." बाहेरगावचा ट्रंक कॉल असाच तोडायचा असतो म्हणे. यात सगळ्यात जास्त वेळा तोडला गेलेला इसम मी.

मोबाइलवर त्यांचा राग होता. आवाजाच्या खरखरीबद्दल तक्रार नव्हती. "यात मध्ये कुणी नसतं," त्या म्हणायच्या. "दोन माणसं बोलत असली ना, की मध्ये एक तिसरं ऐकणारं असावं. मग दोघंही जरा नीट बोलतात."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा अहवाल मागितला. मी तो स्पायरल बाइंडिंग करून, रंगीत कव्हर लावून दिला. त्यांनी तो घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं, "यात लिहिलंय, महिला कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहाची तरतूद केलेली आहे. कुठं आहे ते?"

"आहे ना आत्या. पॅकिंगच्या मागं."

"मला जायचंय."

अहवालातल्या वाक्याची अशा तऱ्हेनं कुणी अंमलबजावणी मागेल हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिथं दार होतं, दाराला कुलूप होतं, आणि आत रिकामे खोके छतापर्यंत भरलेले होते. आत्या दारासमोर उभ्या राहिल्या. स्टोअरवाला म्हणाला, उद्या काढतो. आत्या म्हणाल्या, "उद्यापर्यंत मी थांबू शकत नाही." त्या तिथंच उभ्या राहिल्या आणि स्टोअरवाला, मी आणि वॉचमन असे तिघं घामाघूम होऊन खोके उपसत राहिलो.

पॅकिंगच्या बायका हात थांबवून बघत होत्या. त्यांच्यातली एक रत्नागिरीकडची होती, सगळ्यांत जुनी. आत्यांनी तिला विचारलं, "इतके दिवस तुम्ही काय करत होता?"

ती म्हणाली, "काय करणार? पाणीच नाय पियाचं. सकाळी घोटभर, मग घरी गेल्यावर." तिच्या पिशवीत पाण्याची बाटली होती. भरून आणलेली, तशीच भरलेली परत नेण्यासाठी. मी ती बाटली रोज बघत होतो आणि या बायका किती काटकसरी आहेत असं मला वाटत होतं.

त्या वर्षी एक गंमत झाली. गिऱ्हाइकानं आम्हाला पाणी वाचवण्याचं उद्दिष्ट दिलेलं होतं, आणि स्वच्छतागृह चालू झाल्यावर, बायका पाणी प्यायला लागल्यावर कारखान्याचा पाणीवापर वाढला. टँकर जास्त लागले. उद्दिष्ट चुकल्याचं कारण लिहायच्या रकान्यात मी 'बदलत्या कार्यपद्धतीमुळे' असं लिहीत होतो. आत्या मागून म्हणाल्या, "बायका आता पाणी पितात, असं लिही." मी तसं लिहिलं. गिऱ्हाइकाकडून शेरा आला की यावर सुधारणेचा आराखडा सादर करावा. आत्यांनी तो शेरा पॅकिंगच्या बायकांना वाचून दाखवला. त्या किती तरी वेळ हसत होत्या.

मग आला माझ्या झाडांचा प्रश्न. अहवालाच्या कव्हरवरच एक फोटो होता: वरसावेच्या बाजूला एका माळावर साहेब खड्ड्यात रोप लावतायत, मी झारी धरून उभा, मागं स्टाफ. फोटो झाल्यावर आम्ही सगळे घोडबंदर रोडवरच्या एका धाब्यावर जेवलो होतो, आणि खरं सांगायचं तर झाडांपेक्षा तिथली कोंबडीच मला जास्त आठवत होती. अहवालात मी त्याला 'हरित पट्टा' म्हटलं होतं.

"चल, बघून येऊ," आत्या म्हणाल्या.

रिक्षा करून आम्ही गेलो. मला जागाच सापडेना. शेवटी एका घराच्या अंगणात एक म्हातारी बसली होती तिला विचारलं, की इथं कंपनीनं झाडं लावलेली ती कुठं आहेत.

"झारं?" ती म्हणाली. "ती कवाच न्हाय राह्यली. बकऱ्यांनी खाल्ली. लावून गेलं नि कोन फिरकलं न्हाय."

"एकही नाही?" मी विचारलं.

"येक हाय ना."

तिनं घरामागं नेलं. जांभळाचं एक झाड होतं, माझ्या कमरेएवढं. भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण. तिनं ते उपटून आणून आपल्या परसात लावलं होतं. मी पटकन कॅमेरा काढला. आत्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "ते तिचं झाड आहे. तिला विचार."

मी विचारलं. म्हातारी म्हणाली, "मंग मना पन काढ फोटूत." त्या वर्षीच्या अहवालाच्या कव्हरवर ती म्हातारी आहे, काष्ट्याच्या लुगड्यात, झाडासमोर ताठ उभी. खाली नाव तिचं आहे. साहेब चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. निकेलच्या टाक्यांचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. मुलामा दिल्यावर माल धुतात, त्या धुण्याचं पाणी हिरवट, विषारी असतं. ते शुद्ध करायला आमच्याकडे प्लांट होता. चांगला होता. पण तो चालवायला वीज लागायची, औषधं लागायची, आणि त्या काळात लोडशेडिंगनं आधीच जीव नकोसा केला होता. त्यामुळे कुणी बघायला येणार असलं की प्लांट चालायचा, आणि एरवी पाणी मागच्या नाल्यानं खाडीकडे जायचं. इस्टेटमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही. अहवालात मी प्लांटचा फोटो छापायचो. फोटोत तो चालू आहे की बंद ते कळत नाही.

आत्यांनी दोन सभांत हा विषय काढला. साहेब म्हणाले, "आत्या, तुला धंद्यातलं कळत नाही." तिसऱ्या वेळी म्हणाले, "सीझन संपू दे."

सीझन संपायच्या आत गिऱ्हाइकानं तपासणी ठरवली. त्यांच्या दिल्लीच्या ऑफिसातून एक मुलगी येणार होती. मी तयारीला लागलो. कामगारांकडून उत्तरं पाठ करून घेतली. "मास्क रोज मिलता है? हां जी, रोज मिलता है." एक प्लेटिंगवाला इतका घाबरला होता की मी त्याला नाव विचारलं तरी तो म्हणायचा, हां जी, रोज मिलता है. मी भिंतीवर तक्ते लावले. साहेबांनी आदल्या दिवशी प्लांट सुरू केला आणि आत्यांना निरोप पाठवला की उद्या ऊन फार आहे, येऊ नकोस.

आत्या दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर आल्या.

ती मुलगी वयानं लहान होती, पण प्रश्न मुद्द्याचे विचारत होती. प्लांटपाशी उभी राहून तिनं विचारलं, की यावर संचालक मंडळ देखरेख कशी ठेवतं. या प्रश्नाची मी वाटच बघत होतो. मी सुरुवात केली. त्रिस्तरीय देखरेख, सातत्यपूर्ण सुधारणा, सर्वोच्च पातळीवरची बांधिलकी. माझं इंग्रजी त्या दिवशी इतकं छान चाललं होतं की थांबावंसंच वाटत नव्हतं.

"टाइम झाला," आत्या म्हणाल्या.

मी थांबलो. आत्या त्या मुलीकडे डावा कान करून, प्लांटकडे बघत, एक्स्चेंजच्या इंग्रजीत म्हणाल्या, "प्लांट इज रनिंग सिन्स यस्टरडे ओन्ली. बिफोर दॅट, लाइन डेड. वुई आर ट्राइंग. प्लीज होल्ड."

साहेबांचा चेहरा मी पाहिला आणि लगेच दुसरीकडे बघितलं. त्या मुलीनं हातातला कागद खाली घेतला. ती म्हणाली, "मॅडम, मैं पीछे का नाला देखके ही अंदर आई हूं." तिच्या कॅमेऱ्यात हिरव्या पाण्याचे फोटो होते.

आम्ही नापास झालो. पण गिऱ्हाइकानं ऑर्डर तोडली नाही. सहा महिन्यांची मुदत मिळाली. शेऱ्यात लिहिलं होतं की व्यवस्थापनानं वस्तुस्थिती स्वतःहून मान्य केली. मी ते साहेबांना मोठ्या उत्साहानं वाचून दाखवलं. साहेब म्हणाले, "व्यवस्थापनानं नाही. माझ्या आत्यानं." आणि सभा बोलवायला सांगितलं. विषय एकच: आत्यांना मंडळावरून कमी करणं.

ती सभा मी विसरणार नाही. साहेब खुर्चीत, बोरिवलीहून आलेले धाकटे भाऊ समोर, आत्या कोपऱ्यात उशीवर, आणि मी लिहून घ्यायला. साहेब म्हणाले, "आत्या, तू आता घरी बस. खूप झालं."

"असं नाही," आत्या म्हणाल्या. "नीट ठराव मांड. हा लिहून घेईल."

"मला माहितीये ठराव कसा मांडतात ते."

"मग मांड."

साहेबांनी घसा साफ केला. "मी असा ठराव मांडतो की..." आणि थांबले. ते पाणी प्याले. पुन्हा म्हणाले, "मी असा ठराव मांडतो की, आत्याला..." आत्या मान वळवून, कान देऊन ऐकत होत्या, कुठल्याही गिऱ्हाइकाचं ऐकावं तसं. या बाईंनी एक्स्चेंजची पाळी संपवून येऊन त्यांचे शाळेचे डबे भरले होते, पाढे पाठ करून घेतले होते. साहेबांनी डोळे टेबलावर ठेवून ते वाक्य एकदाचं पुरं केलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"अनुमोदन कुणाचं?" आत्यांनी विचारलं.

सगळ्यांनी धाकट्या भावाकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. म्हणाले, "दादा, मला हे माहीत नव्हतं. तू फोनवर म्हणालास दुपारी ये, मला वाटलं जेवायला बोलावलंय." मग चष्मा लावून म्हणाले, "मी नाही देणार अनुमोदन."

"ठराव पडला," आत्या म्हणाल्या. "लिही रे. पुढचा विषय, प्लांट." त्यांनी उशी सरळ केली आणि पुढचा विषय सुरू केला. मुलामा द्यायचं काम प्लांट चालू असेल तेवढाच वेळ करायचं, वीज गेली तर दोन्ही बंद, असा ठराव त्यांनी मांडला. धाकट्या भावानं अनुमोदन दिलं. साहेब उठून बाहेर गेले.

पुढचे काही महिने साहेब आणि आत्या एकाच केबिनमध्ये बसून एकमेकांशी बोलत नव्हते. जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत. "आत्यांना सांग, औषधाचा टँकर आलाय." मी दोन पावलं जाऊन सांगायचो, आत्या औषधाचा टँकर आलाय. "त्याला म्हणावं, तपासून घे." मी परत यायचो. सस्टेनेबिलिटी ऑफिसरचं काम कारकुनापेक्षा जबाबदारीचं असतं हे मला तेव्हा कळलं. ठराव मात्र साहेबांनी पाळला. चिडून पाळला, पण पाळला. वीज गेली की स्वतः जाऊन टाक्या बंद करायला लावायचे. मुदत संपली तेव्हा आम्ही पास झालो. त्या दिवशी साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "आत्याला सांग, आज माझ्याकडे जेवायला ये." मी सांगायला वळलो, तर आत्या म्हणाल्या, "ऐकलं मी. भाजी काय आहे?"

दोनेक वर्षं बरी गेली. आत्यांचे गुडघे दुखायला लागले, तीन मजले उतरणं होईना, म्हणून सभा त्यांच्या घरी भरायला लागल्या. आमच्या अहवालाला एकदा त्या गिऱ्हाइकाकडून बक्षीसही मिळालं, काचेचं. ते घ्यायला मी सूट शिवून गेलो आणि तिथं मला वेटर समजून एका पाहुण्यानं माझ्याकडे पाणी मागितलं. मी आणूनही दिलं.

आणि मग त्या गिऱ्हाइकानं माल घेणं बंद केलं. दुसऱ्या एका देशात तोच माल स्वस्त मिळत होता. त्यांनी कळवलं, की तुमची प्रगती प्रेरणादायी आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

कारखान्याला हा मोठा फटका होता. एक पाळी बंद करावी लागली. पॅकिंगच्या काही बायका गेल्या. आत्या जिना उतरू शकत नव्हत्या, म्हणून त्यांनी एकेकीला घरी बोलावून घेतलं आणि ओळखीपाळखीत फोन लावून त्यांना कामं बघून द्यायचा सपाटा लावला. काहींना मिळाली, काहींना नाही. मीरा रोडला नव्या इमारती उठत होत्या, तिथल्या बिल्डरांची दारांच्या कड्यांची कामं साहेबांनी धरली. या बिल्डरांपैकी एकानंही आम्हाला सांडपाण्याबद्दल कधी विचारलं नाही. कडी लागते का, एवढंच बघायचे.

त्यानंतरची सभा आत्यांच्या घरी होती. साहेब जिना चढून दमून आले होते. केस बरेच पिकले होते. धाकटे भाऊ आले नव्हते, त्यांच्या दुकानात गर्दी होती. साहेब म्हणाले, "आत्या, आता कुणी विचारत नाही. इस्टेटीत एकाचाही प्लांट चालू नाही. मी एकटाच चालवतोय. मी वेडा आहे का?"

आत्या काही बोलल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत, कान देऊन राहिल्या. साहेब बोलत राहिले. विजेचं बोलले, बिल्डर भाव कसा पाडतात ते बोलले, नाल्याचं बोलले. आमच्या मागच्या नाल्याजवळच्या टपरीवाल्यानं आता तिथं बाकं टाकलीत, वास येत नाही म्हणून लोक बसतात, असंही मध्येच सांगून गेले. फार वेळ बोलले, आणि आत्यांनी त्यांना एकदाही तोडलं नाही. शेवटी ते स्वतःच थांबले आणि मला म्हणाले, "लिही. प्लांट चालू ठेवायचा."

"आणि या वर्षीचा अहवाल?" मी विचारलं. "तो कुणाला पाठवायचा?"

"कुणाला नाही. पण लिही."

"मराठीत लिही," आत्या म्हणाल्या. "मला वाचायचाय."

मी तिथंच, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर लिहायला बसलो. इतकी वर्षं अहवाल लिहिण्यात हात बसलेला, मला वाटलं तासाभरात होईल. पहिल्याच वाक्याला अडलो. इंग्रजीत मी नेहमी लिहायचो की उपाययोजना करण्यात आलेल्या आहेत, आणि इंग्रजीत ते फार भारदस्त वाटायचं. मराठीत तेच लिहून आत्यांना वाचून दाखवलं तर त्यांनी विचारलं, "कुणी केल्या?"

मी खोडलं. 'कंपनीने केल्या,' असं लिहिलं.

"कंपनी म्हणजे कोण?"

मी तेही खोडलं आणि बराच वेळ पेन हातात धरून बसलो. स्वयंपाकघरात साहेब भांडी वाजवत चहाची पातेली शोधत होते. शेवटी मी लिहिलं, 'आम्ही प्लांट चालू ठेवला.' हे वाक्य मी आत्यांना वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच मान माझ्याकडे वळवली आणि सरळ माझ्या चेहऱ्याकडे बघत विचारलं, "आम्हीमध्ये तू आहेस का?"

साहेबांनी आतून ओरडून विचारलं, साखर कुठं आहे. आत्या म्हणाल्या, "तू जा, त्याला साखर काढून दे, आणि विचार करून मग लिही."